धान्यपेढीचे आप्पा

माझ्या नावापुढे बी.ए. लागले ते हिंगोलीकडच्या गोरेगावच्या गंगाधरआप्पांमुळे. आईवडिलांचे उपकार कुणी सांगत बसत नाही. ते वगळले तर माझ्यावर सर्वांत मोठे उपकार याच एका माणसाचे आहेत. आप्पा गावच्या धान्यपेढीचे चेअरमन होते. चेअरमन हा शब्द लोकांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून सगळे त्यांना पेढीचे आप्पा म्हणत. त्यांच्या एका खोडीने मला पहिल्याच दिवशी बुचकळ्यात टाकले. आपल्या दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ते दुसऱ्याच्या दारात पाठवत.

त्या दिवशी एक शेतकरी तुरीचे बियाणे मागायला आला होता. आप्पांनी मूठभर तूर त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ही आमची तूर. भुंगा लागलेला हाय, तूच बघ. सावकाराची यंदा चांगली हाय, तिकडं जा." तो उठला तसे त्याला पुन्हा थांबवले. "अन् दिढीनं घेऊ नको. म्हणावं, आप्पाकडं सवाईनं भेटून राहिली. मंग देतो का न्हाई बघ." दिढी म्हणजे पायली नेली की सुगीला दीड पायली परत करायची, सवाई म्हणजे सव्वा. सावकार दिढीचा होता, पेढी सवाईची. तो माणूस संध्याकाळी सवाईनेच तूर घेऊन आमच्या दारावरून गेला. आप्पांनी लांबूनच भेटली का म्हणून विचारले आणि मोठा सौदा जिंकल्यासारखे हसले. पेढीला त्यातून एक दाणाही मिळाला नव्हता.

मी पुसेगावचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि खाणारी तोंडे जास्त. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. हिंगोलीला एका नातेवाइकाकडे राहून उर्दूतून मॅट्रिक झालो, कारण निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतच होते. पुढे काय करायचे हे सांगणारे घरात कुणी नव्हते. लढाईचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे, दिवस होते. गोरेगावच्या पेढीला उर्दू लिहिणारा कारकून हवा आहे असे बाजारात कळले आणि मी एका बैलगाडीत बसून गोरेगाव गाठले. आप्पांनी माझी परीक्षा वगैरे घेतली नाही. जेवलास का, एवढेच विचारले. त्या दिवसापासून ते मला मॅट्रिक म्हणू लागले आणि मग सगळे गावच म्हणू लागले. माझे खरे नाव तिथे पुष्कळांना शेवटपर्यंत कळले नाही.

आप्पा लिंगायत वाणी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बंडी, आणि आवाज असा की हळू बोलले तरी समोरच्या ओट्यावर ऐकू जावे. पण काटा वर असेपर्यंत ते बोलत नसत. समोर तहसीलदार का उभे असेनात, पारडे स्थिर झाल्याशिवाय आप्पा मान वर करायचे नाहीत. एकदा मी कारण विचारले. म्हणाले, "बोललं की हात हालतो." एरवी मात्र दिवसभर बोलत. हिशेब करताना बोलत, जेवताना बोलत, आणि मी उर्दूत पत्रके लिहीत असलो की शेजारी बसून त्या अक्षरांकडे बघत, हे उलटीकडून लिहिताना तुझा हात शाईत कसा माखत नाही, असे काहीतरी विचारत.

पेढी म्हणजे गावाबाहेरच्या उंचवट्यावरची काही पेवे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले ज्वारीचे कोठार. आतून कडब्याचे अस्तर, तोंडावर दगड आणि त्यावर माती. सुगीला प्रत्येक सभासदाने ऐपतीप्रमाणे ज्वारी टाकायची, थोडी बियाण्याची तूरही. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की ज्याला लागेल त्याने न्यायची आणि पुढच्या सुगीला सवाईने परत करायची. ही कल्पना आप्पांची आणि नबीभाई पिंजाऱ्यांची. नबीभाई कापूस पिंजायला घरोघर जात, त्यामुळे कुणाच्या घरातली चूल थंड आहे ते त्यांना न विचारता कळे. दोघे पंच. बरीच वर्षे ही पेढी कागदाशिवाय चालली. पुढे लढाई लागली, सरकारने धान्यावर लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, बसवली आणि नोंदणी नसलेले धान्य साठेबाजी म्हणून उचलले जाऊ लागले. तेव्हा आप्पांनी पेढी सरकारात नोंदवली. नोंदवली म्हणून ती वाचली, आणि नोंदवली म्हणूनच नियम तिच्या मागे लागले.

हे नियम कुणी वाईट बुद्धीने केले नव्हते. ते शहरातल्या मोठ्या बँकांचे होते आणि तसेच उचलून आमच्या पेवांवर ठेवले होते. दर तीन महिन्यांनी उर्दूत पत्रक पाठवायचे, तेही तीन प्रतींत. पंचांनी स्वतः कर्ज घ्यायचे नाही. वाढीचा, म्हणजे सवाईचा, दर बदलायचा तर वरून मंजुरी आणायची. प्रत्येक कर्जाचे कारण लिहायचे, आणि मान्य कारणे दोनच, खाण्यासाठी किंवा पेरणीसाठी. उर्दू जाणणारा कारकून ठेवायचा. त्या कारकुनाच्या, म्हणजे माझ्या, पगारातच सवाईचा मोठा वाटा जाई. शेजारच्या सावकाराला यातले काहीच नव्हते. मला याचा संताप येई. आप्पा म्हणत, "नियम वाईट न्हाई मॅट्रिक. अंगापेक्षा मोठा हाय. चालताना पायात येतो."

मग कंपनी आली. हिंगोलीच्या एका जिनवाल्याने, म्हणजे सरकी काढण्याच्या गिरणीच्या मालकाने, गोरेगावात धान्याचे दुकान काढले. लोक त्याला नुसते कंपनी म्हणत. पत्र्याची पाटी, नवा तराजू आणि गादीवर मुनीम. कंपनीजवळ व्यापाराचा परवाना होता, एका कागदाचा. मृग लागताच मुनीमाने दवंडी पिटवली, जेवढी ज्वारी न्याल तेवढीच परत आणा, वर दाणासुद्धा नको. हे फुकटचे दिवस पेढी बुडेपर्यंतच आहेत, हे गावात सगळ्यांना समजत होते. पलीकडच्या एका गावात याच जिनवाल्याच्या दुकानाने तसेच केले होते. तिथली पेढी बंद पडली आणि दुसऱ्या साली त्याच दुकानातून ज्वारी दिढीने निघू लागली, वर कापूस आमच्याच जिनात घालायचा ही अट.

आप्पांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला. एवढा एक हंगाम आम्हाला बिनवाढीने ज्वारी देऊ द्यावी. उत्तर आले, मागच्या सालांची पत्रके जोडा. जोडली. पुन्हा उत्तर आले, कंपनीचा दर काय आहे त्याचा दाखला जोडा. मुनीम कशाला दाखला देतो. आम्ही दवंडीवाल्याचा अंगठा घेऊन तो जोडला. मग अर्जच परत आला, कारण तो तीन प्रतींत नव्हता. तोवर आषाढ सरला. मुनीम गादीवर बसल्या बसल्या दर ठरवत होता, आणि आम्ही टपालाची वाट बघत होतो.

लोक कंपनीकडे जाऊ लागले. जाताना आप्पांच्या दुकानावरून मान खाली घालून जात. आप्पांना ते फार लागे. गावात गयाबाई नावाची एक विधवा होती. रोजाने शेतात जाऊन दोन लेकरे सांभाळणारी, जिभेची तिखट. ती मात्र रिकामे टोपले डोक्यावर घेऊन सरळ दुकानापुढे येऊन उभी राहिली.

"आप्पा, फुकट भेटून राहिलं. घेऊ का नको?"

"घे की. मला काहून इचारती?"

"तुमच्या तोंडाकडं बघून इचारते. उतरून गेलंय."

"तोंड माझं हाय, पोट लेकरायचं. जा, घेऊन ये. अन् माप बघून घे."

नियमांत एक नियम असाही होता की सहा महिन्यांतून एकदा सभासदांना जमवून सगळे नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. ते काम माझे. उर्दूत वाचायचे आणि मराठीत सांगायचे. मारुतीच्या पारावर लोक जमत, तंबाखू मळत, बैलांच्या गोष्टी काढत. माझे ऐकत कुणी नसे. त्या श्रावणातही मी वाचत होतो. वाचता वाचता एका कलमाशी आलो. ज्या हंगामात पेढीने एकाही सभासदाला कर्ज दिले नाही ती बंद समजावी आणि तिचे धान्य सरकारजमा करावे.

हे कलम आप्पांना, नबीभाईंना आणि मला आधीपासून ठाऊक होते. पंचांना कर्ज घेता येत नव्हते, आणि सभासद फुकटची ज्वारी सोडून सवाईची कशाला नेतील. नबीभाईंनी एक वाट सुचवली होती, चार नावे कागदावर घालू, कोण पेवात उतरून बघतो. आप्पा त्यांना म्हणाले होते, "घालता येतील नबीभाई. पण एकदा न आलेलं माणूस लिहिलं, की उद्या पेवात ज्वारी हाय का न्हाई हे बी कागदालाच इचारावं लागंल." नबीभाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. आणि लोकांना हे कलम आधी जाऊन सांगायचेही आप्पांच्या मनात नव्हते. सांगितले की ती भीड घातल्यासारखी होते. वाचायच्या दिवशी वाचू, असे त्यांचे म्हणणे. म्हणून मी ते इतर कलमांसारखेच वाचले आणि पुढे जाऊ लागलो.

"थांब रे मॅट्रिक," गयाबाई म्हणाली. "ते पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितले.

"म्हंजे कुणीच न्हाई नेली तर आपलं पेव सरकार उचलून नेणार व्हय?"

मी आप्पांकडे पाहिले.

"व्हय," आप्पा म्हणाले. "पण म्हून कुणी नेऊ नका. ज्याला लागंल त्यानं न्यावी. तिकडं सस्ती भेटली तर तिकडूनच घ्यावी. हे मी रागानं म्हणून न्हाई राहिलो."

मी पुढचे कलम वाचले. सभा उठली तेव्हा आप्पा नेहमीपेक्षा हळू चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेवांपाशी माणसे टोपली घेऊन उभी होती. पावसाने उघडीप दिली होती. आप्पांनी पेवाचे तोंड मोकळे करायला लावले आणि सगळ्यांना दूर बसवले. पेव उघडले की आधी त्याला वारा घेऊ द्यावा लागतो; आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. दोरीला कंदील बांधून आत सोडतात आणि तो विझला तर कुणी उतरत नाही. कंदील विझत राहिला आणि लोक बसून राहिले. न्याहारीची वेळ गेली, कुणी उठले नाही. मुनीम रस्त्याने येऊन लांबून बघू लागला. गयाबाई त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "या की मुनीमजी, तुमी बी न्या पायलीभर. सवाईनं भेटून राहिली." पिकल्या मिशांची माणसेसुद्धा हसली. मुनीम आल्या वाटेने गेला.

दुपार कलल्यावर कंदील आत जळत राहिला. माणूस उतरला, ज्वारी वर येऊ लागली आणि मी कर्जे लिहायला बसलो. पहिली गयाबाई. तिचे नाव लिहिले, माप लिहिले आणि कारण विचारले.

"कारण कसलं? खायाला घरात हाय, कंपनीची. पेरणी तर कवाच झाली. पेढी ऱ्हावी म्हून नेते. तसंच लिही."

मी तिला समजावले की हे कारण नियमात बसत नाही, खाण्यासाठी असे लिहितो. ती म्हणाली, "मी सांगून राहिले एक अन् तू लिहितो भलतंच? मंग मला इचारलं काहून?" मी आप्पांकडे पाहिले. ते पायली भरत होते, म्हणून बोलले नाहीत. पायली तिच्या टोपल्यात रिकामी झाल्यावर म्हणाले, "बाई सांगती तेच लिही."

मागच्यानेही तेच सांगितले. त्याच्या मागच्याने मी विचारायच्या आधीच सांगितले. एकाच्या घरी खरोखरच दाणे संपले होते, पण तोही म्हणाला, सगळ्यांचे जे कारण तेच माझे, मला वेगळा काढू नको. संध्याकाळी पत्रकात वरपासून खालपर्यंत एकच ओळ उर्दूत उतरली होती: अंजुमन, म्हणजे पेढी, कायम राहावी म्हणून. अख्ख्या गावात एकानेही नियमातले कारण दिले नव्हते. मी ते पत्रक तीन प्रतींत लिहिले आणि पाठवून दिले.

ते हिंगोलीला पोचायच्या आतच मुनीमाची तक्रार गेली होती, की पेढीची यंदाची कर्जे खोटी आहेत. थोड्या दिवसांत इन्स्पेक्टर आले. वयस्क, सडपातळ, शेरवानीचे कोपर झिजलेले. त्यांच्याकडे कितीतरी पेढ्या होत्या आणि फिरायला मिळेल ती बैलगाडी. माणूस सरळ होता. आप्पांच्या ओट्यावर बसून त्यांनी पत्रक वाचले, पुन्हा वाचले आणि चष्मा काढला.

"आप्पा, ये क्या लिखे तुम लोगां? हर नाम के सामने एकीच बात. खाने के वास्ते लिखते तो मैं दस्तखत करके चले जाता."

"ज्यानं जे सांगितलं ते लिहिलं, साहेब."

"अब मैं क्या करूं, बोलो. कायदे से तो ये कर्जाच नहीं हुआ."

कर्ज झाले नाही म्हणजे हंगाम रिकामा, आणि हंगाम रिकामा म्हणजे पेवे सरकारजमा. आप्पांकडे बघवत नसल्याने मी खाली बघत होतो. आप्पांनी गयावया केली नाही. तक्रार ज्याने केली त्यालाही साहेबांनी इथेच बोलवावे, म्हणजे दोघांचे एका जागी ऐकता येईल, एवढेच ते म्हणाले. साहेबांना ते रास्त वाटले. मुनीम आला. न बोलावता गयाबाईही आली आणि ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "साहेब, ह्यायला एकच इचारा. पुढल्या साली बी फुकट देणार का? देणार आसतील तर लिहून द्यावं. आमी आजच पेव बुजवतो."

साहेबांनी मुनीमाला विचारले. मुनीम म्हणाला, मालकांना विचारावे लागेल. साहेब म्हणाले, "पूछो. मैं कल तक ठहरता हूं." दुसऱ्या दिवशी मुनीम दुकान बंद करून कुठे वसुलीला गेला होता.

साहेबांचा हुकूम मीच मराठीत वाचून दाखवला. ज्वारी प्रत्यक्ष मापून सभासदांना दिली गेली आहे, म्हणून पेढी चालू समजावी. मात्र कारण नियमाबाहेरचे असल्याने या कर्जांवर पेढीला वाढ घेता येणार नाही. जेवढे दिले तेवढेच परत घ्यावे. पेढीला सक्त ताकीद. ते ऐकून आप्पांना हसू फुटले ते थांबेना. आषाढभर अर्ज करून जी परवानगी मिळाली नाही ती शिक्षा म्हणून मिळाली होती. हसणे ओसरल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पेढी ऱ्हायली मॅट्रिक. तुझा पगार गेला."

सुगीला लोक ज्वारी घेऊन आले ते सव्वा पायलीच्या हिशेबानेच. आप्पांनी पायली ठेवून घेतली आणि वरची परत केली. हुकूम म्हणजे हुकूम. त्यावरून गयाबाईचे आणि त्यांचे चांगलेच वाजले. "पेढीनं घेऊ नये असं लिवलंय ना?" ती शेवटी म्हणाली, "मॅट्रिकनं घेऊ नये असं तर न्हाई लिवलं." आणि तिने आपल्या वाट्याची वरची ज्वारी मी राहत होतो त्या पडवीत नेऊन ओतली. तिच्यामागून बाकीचे आले. मला कानकोंडे झाले. मी आप्पांकडे जाऊन म्हणालो, ही पेवात टाकून घ्या. ते म्हणाले, पेवात टाकता येत नाही आणि परत दिली तर लोक पुन्हा आणून ओततील. मग त्यांनी मला समोर बसवले.

"ही विक अन् हैदराबादेला जा. शीक. हे नियम जिथं लिहितात तिथं पेव बघितलेलं माणूस न्हाई. एक तरी आसावं."

मी म्हटले, मग इथे उर्दू कोण लिहील? त्यांनी याचाही विचार करून ठेवला होता. कारकून ठेवावा असे नियमात आहे, तो गोरेगावातच बसावा असे नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनाही त्यांनी ते विचारून घेतले होते. तेव्हा आकडे ते पाठवणार, आणि पत्रक मी हैदराबादेत लिहून तिथल्या कचेरीत स्वतः नेऊन देणार.

असा मी रेल्वेत बसलो आणि कॉलेजात गेलो. दर तीन महिन्यांनी आप्पांचे मोडीतले पोस्टकार्ड येई. त्यात नुसते आकडे. मी कसा आहे, अभ्यास कसा आहे, यातले काही नाही. शेवटी एक ओळ पावसाबद्दल. पुढच्या हंगामापासून सवाई पुन्हा सुरू झाली आणि माझा कारकुनीचा पगारही. खाणावळीचे पैसे मी त्यातूनच देत असे. ज्या नियमाचा भार आप्पा वाहत होते त्या नियमावर माझे पोट भरत होते, हे मला तिथे घास घेताना पुष्कळदा आठवे.

दुसऱ्या वर्षी कंपनीने दर लावला, पण दिढी लावायची तिची छाती झाली नाही. तिने सवाईच लावली. सुट्टीत मी गेलो तर आप्पा पुन्हा माणसांना तिकडे पाठवत होते, कारण कंपनीची तूर चांगली होती. नबीभाई वैतागून म्हणाले, "आप्पा, ज्यांनी आपला गळा धरला त्यांचं दुकान चालवून देता का?" आप्पा म्हणाले, "चालू द्या. दोन दुकानं आसली की गरिबाला घासाघीस करता येती. एकच ऱ्हायलं, तर ते आपलं जरी आसलं तरी आपल्याला माज चढंल." मी पुढे अर्थशास्त्राची पुस्तके वाचली. स्पर्धेवर त्यांत पुष्कळ लिहिलेले असते, पण स्वतःच्या माजाची भीती घालणारे मला त्यांत सापडले नाही.

शेवटची दोन वर्षे वाईट गेली. रझाकारांच्या भीतीने गावे ओस पडू लागली आणि गोरेगावातली पुष्कळ घरे निजामाच्या राज्याबाहेर, वऱ्हाडच्या हद्दीत निघून गेली. टपाल बंद झाले. पेवांवर आप्पा आणि नबीभाई दोघेच राहिले. पुढे हिंदी फौजा आल्या आणि भीतीने बाजू बदलली, तेव्हा नबीभाईंचे सगळे घर आप्पांच्या दुकानात राहायला होते. लोक परत आले तेव्हा ज्वारी जागेवर होती. हे मला नबीभाईंनी नंतर सांगितले. आप्पांनी त्यातले काही कळवले नाही. टपाल सुरू झाल्यावर त्यांचे जे पहिले कार्ड आले, त्यात राहिलेल्या सगळ्या तिमाह्यांचे आकडे होते.

त्याच सुमारास मी बी.ए. झालो. नव्या सरकारच्या सहकार खात्याला उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारी माणसे हवी होती, आणि मला नोकरी मिळाली. अठ्ठेचाळीस सालच्या अखेरीस मी आप्पांना एक पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. आकड्यांखेरीज काही लिहायची त्यांना सवय नव्हती. थंडी सरता सरता, गोरेगावच्या तपासणीचा निकाल कचेरीत यायच्या आधी, ते तापाने गेले. पत्रके लिहिण्याच्या सवयीने मी पत्राचाही कच्चा मसुदा आधी करतो, म्हणून ते माझ्याजवळ आहे. ते असे:

तीर्थस्वरूप गंगाधरआप्पा यांसी, शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मी परीक्षा उतरलो हे आपणास कळलेच आहे. आता मला इन्स्पेक्टरची जागा मिळाली असून नेमणूक आपल्याच जिल्ह्यात आहे. साहेबांनी गावांची वाटणी केली तेव्हा गोरेगाव माझ्याकडे आले होते. मी ते नको म्हणून सांगितले. साहेबांना वाटले, गावाशी माझे काही वाकडे आहे. मी म्हणालो, त्या गावाच्या ज्वारीवर मी शिकलो, तिथली तपासणी माझ्या हातून सरळ होणार नाही. त्यांनी ते गाव दुसऱ्याकडे दिले. येणारे गृहस्थ मुंबई इलाख्यातले आहेत. कडक आहेत, पण खोट्याचे खरे करणारे नाहीत. आपण सर्व काही दाखवावे. माझे नाव घेऊ नये.

माझ्याकडे जवळा बाजार या गावची पेढी आली आहे. तिच्यासमोर एका मोठ्या अडत्याने दुकान मांडले आहे. पेढीला दर उतरवायचा होता आणि तिचा अर्ज कचेरीत बरेच महिने पडून होता. मी परवा तिथे गेलो, पेवे पाहिली आणि त्याच दिवशी मंजुरी लिहून दिली. अडत्याला वाईट वाटले. त्यालाही मी सांगितले की त्याच्यावर अन्याय झाला तर त्याने मला कळवावे, त्याचेही ऐकून घेईन.

संक्रांतीला आपल्याकडे येईन असे कळवले होते, ते आता येत नाही. तपासणीचा निकाल लागेपर्यंत खात्याच्या माणसाने त्या पेढीच्या पंचाकडे उतरू नये, जेवू नये, असा नियम आहे. गाव माझ्याकडे नसले तरी खाते एकच, म्हणून तो मलाही लागू आहे. साहेबांना विचारले असते तर त्यांनी कदाचित सूट दिली असती. मी विचारले नाही. आपणही विचारले नसते असे मला वाटले.

निकाल लागला की त्याच आठवड्यात येतो आणि चार दिवस राहतो. नबीभाईंना आणि गयाबाईंना माझा नमस्कार सांगावा. इकडे थंडी फार आहे, तिकडेही असेल. प्रकृतीस जपावे.

आपला,
नामदेव